कापूस खरेदी प्रणालीच्या अर्धवट स्थलांतराबाबत तक्रार

प्रति,
प्रकल्प व्यवस्थापक

विषय : जेबॉस ५ या जुन्या सर्व्हर सॉफ्टवेअरवरून वाइल्डफ्लाय २७ या नव्या सॉफ्टवेअरवर नेलेल्या प्रणालीतील दोष

महोदय,

जळगाव कार्यालय आणि चोपडा, धरणगाव, शहादा येथील जिनिंगची काटा पावती व शेतकऱ्यांचा चुकारा (कापसाचे पैसे) ज्या प्रणालीवर चालतो, ती नव्या सर्व्हरवर नेऊन आपण ‘काम पूर्ण’ असे कळवले. ते आम्हाला मान्य नाही. नव्या सर्व्हरसाठी कोडमधली जावा लायब्ररींची ‘जावाएक्स’ ही जुनी नावे ‘जकार्ता’ केलीत, पण जुन्या सर्व्हरच्या सेटिंग्ज तिथेच राहिल्या.

सर्वांत गंभीर बाब पावतीची. वजन आणि भाव बरोबर छापले जातात, शेतकऱ्याच्या नावाच्या जागी मात्र प्रश्नचिन्हांची रांग येते. अशी पावती घेऊन माणूस चुकारा कसा मागणार? डेटाबेसमध्ये नावे शाबूत आहेत, बिघाड छपाईची फाईल लिहिताना होतो. जुन्या स्टार्टअप फाईलमध्ये एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) देवनागरी सामावणारे यूटीएफ-८ असे दिलेले होते, नव्या ‘स्टँडअलोन.कॉन्फ.बॅट’मध्ये ती ओळच नाही. ती नसली की जावा १७ विंडोजचे कोडपेज (ठरलेला अक्षरसंच) घेते आणि आमच्या सर्व्हरच्या कोडपेजमध्ये देवनागरी नाही. यूटीएफ-८ आपोआप मिळते ते जावा १८ पासून. ती ओळ आजच घाला. पक्का उपाय म्हणजे फाईल लिहिणाऱ्या कोडमध्येच कॅरॅक्टर सेट (यूटीएफ-८) नमूद करणे.

डेटासोर्समध्ये, म्हणजे डेटाबेसच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये, पूर्वी कमाल ६० कनेक्शन होती. आपण आकडाच दिला नाही, म्हणून मूळचे २० लागू झाले. संध्याकाळी सगळी केंद्रे एकदम चुकारा काढतात तेव्हा स्क्रीन ३० सेकंद अडकते आणि लॉगमध्ये ‘आयजे०००६५५’ (मोकळे कनेक्शन मिळाले नाही) ही चूक येते. यावर आपल्या मदत कक्षाने सर्व्हर रीस्टार्ट करायला सांगितले. त्याने तेवढ्यापुरते भागते. मर्यादा ६० करा, आणि कनेक्शन वापरून परत न करणारा कोड कुठे आहे तेही तपासा.

गाठींच्या साठ्याचा अहवाल उघडताच ‘जावाएक्स.सर्व्हलेट’चा क्लास (कोडचा भाग) सापडत नाही. हा अहवाल काढणाऱ्या जुन्या जारचा (तयार जावा कोडच्या फाईलचा) सोर्स कोड नाही, हे आपल्याला सुरुवातीलाच कळवले होते. अशा जारसाठी एक्लिप्स ट्रान्सफॉर्मर आहे, तो बायटकोडमधली (तयार कोडमधली) ‘जावाएक्स’ नावे ‘जकार्ता’ करतो. सर्व्हर सुरू झाला म्हणजे झाले, असे इथे चालत नाही. क्लास लागेल तेव्हाच लोड होतो, म्हणून प्रत्येक स्क्रीन उघडून पाहावी लागते.

पावतीची दुरुस्ती २ दिवसांत आणि उरलेले काम १० दिवसांत व्हावे. तोवर जुना सर्व्हर बंद करू नये, आणि अंतिम बिल आम्ही मंजूर करणार नाही.

आपला,
संगणक विभाग प्रमुख
जळगाव