पितळेच्या भांड्यात आंबट कळकते, ते का?

मा. संपादक,

पितळी भांडी पुन्हा घराघरांत येत आहेत, पण अनेकदा कल्हईविना, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर न देता. हे धोक्याचे आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. चिंचेतले टार्टारिक, ताकातले लॅक्टिक आम्ल आपल्या कार्बोक्सिल गटाने (रेणूतल्या आम्लधर्मी भागाने) पृष्ठभागावरच्या धातूला चिकटते आणि त्याला विरघळणाऱ्या संयुगात ओढून नेते. जस्त आधी सुटते. मागे तांबूस डाग उरतात. तांबे नुसत्या आम्लाने विरघळत नाही, त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. म्हणूनच रात्रभर ठेवलेली आमटी कळकते आणि काठाशी हिरवट थर येतो. चिंचेने घासलेले भांडेही लगेच धुऊन कोरडे करावे.

कल्हईसाठी भांडे तापवून नवसागराने ऑक्साइडचा थर काढतात, मग कथील कापसाने पसरवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये.

सर्वांत घातक म्हणजे कथलात मिसळलेले शिसे. तेही याच आम्लांत उतरते. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना करकरते. शिसे जास्त असेल तर ती निमूट वाकते आणि कागदावर काळी रेघ उमटवते. कल्हईवाल्यासमोर ही परीक्षा जरूर करावी.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक