धावपट्टी वाढवायची तर चाळीस वर्षांचं बघून एकदाच वाढवा

संपादक साहेब, स.न.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी वाढवायची चर्चा इतकी वर्षं चालूय की मोजणीची माणसं आली म्हटलं तरी तिकडची लोकं आता वैतागतात. पट्टी सध्या साधारण ९३०० फूट, ती १२००० फूट करायचीय. माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण जमीन घ्यायलेतच तर पुढच्या चाळीस वर्षांची एकदाच घ्या, तुकड्या-तुकड्यानं नको.

काहीजण म्हणतात एवढी लांब कशाला, दिल्ली-मुंबईची विमानं आताही उतरायलेत ना. उतरतात, पण आपलं शहर समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या आसपास, त्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, हवा विरळ झाली की पंखांना उचल कमी मिळते, इंजिनचाही जोर घटतो आणि तेच विमान उडायला जास्त पट्टी लागते. मग लांबच्या देशात जाणारं मोठं विमान, टाक्या फुल, पोटात कार्गो, ते कसं उडणार? शेंद्रा-बिडकीनमध्ये ऑरिक या औद्योगिक शहराची दहा हजार एकर जागा आहे, टोयोटाचा कारखाना यायलाय, वेरूळ-अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत, तरी परदेशी पाहुणा आधी मुंबई नाहीतर दिल्लीत उतरणार.

लांबीपेक्षा मला काळजी आजूबाजूच्या जागेची. २६ एप्रिल १९९३ आपल्या शहरातले जुने लोक विसरलेले नाहीत. उड्डाण घेताना इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ पट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं, ५५ जण गेले. वैमानिकांची चूक होतीच, पण पट्टीच्या टोकाशी रस्ता वाहता होता म्हणून ट्रक तिथं आला हेही तितकंच खरं. आज मुकुंदवाडी-चिकलठाण्याकडं वस्ती किती दाटलीय ते बघा, गुंठेवारीचे प्लॉट पाडणारे कुणाच्या मास्टर प्लॅनसाठी थांबत नाहीत.

मुंबईचं बघा, दोन धावपट्ट्या आहेत पण एकमेकींना छेदतात म्हणून एकाच वेळी दोन्ही वापरता येत नाहीत, आणि बाजूला सरकायला जागाच उरली नाही. नवी मुंबईला ११६० हेक्टर धरले, दोन समांतर पट्ट्यांची जागा सुरुवातीलाच ठेवली, हे शहाणपण. पण १९९७ च्या सुमारास निघालेला विषय, पहिलं प्रवासी विमान उडालं २५ डिसेंबर २०२५ ला, मधी डोंगर फोडला, उलवे नदी वळवली, दहा गावं उठवली. आपल्याकडं अजून मोकळी शेतं आहेत, उशीर केला तर घरं पाडावी लागतील.

आणि शेतकऱ्याचं काय? प्राथमिक अधिसूचना निघाली की जमिनीचा व्यवहार बंद. विकता येत नाही, पोरीच्या लग्नाला पैसा उभा राहत नाही आणि मावेजा मात्र फाइलीत, असं कुणाच्याच नशिबी येऊ नये. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मावेजाइतकीच दिलासा रक्कम वरून द्यायचीय, ती तरतूद आधी बजेटमध्ये दाखवा, मग अधिसूचना काढा.

माझी मागणी साधी आहे. वाढीव धावपट्टी, समांतर टॅक्सीवे (विमानांना पट्टीपर्यंत ये-जा करायचा रस्ता), कार्गो, जालना रोडपासूनचा रस्ता, टोकापलीकडची मोकळी सुरक्षित जागा, हे सगळं एकाच नकाशावर दाखवा, गट नंबरासकट तो वॉर्ड ऑफिस आणि तलाठी कार्यालयाबाहेर मराठीत लावा, आणि त्यातल्या एकाही गटावर नवीन बांधकामाला परवानगी देऊ नका.

— एक वाचक, मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर