सोनोग्राफीच्या रिपोर्टात ॲड्रिनलची एक ओळ सक्तीची करा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करतो. तिशीतला एखादा रुग्ण येतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात नाही, मधूनच छाती धडधडते, डोके ठणकते, दरदरून घाम फुटतो. हातात जुना रिपोर्ट असतो: ‘पोट नॉर्मल’. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या, बीपीवर परिणाम करणारी हार्मोन सोडणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथींबद्दल त्यात अवाक्षर नसते.

साहेब, या ग्रंथी जेमतेम ४-५ ग्रॅमच्या. उजवी यकृताच्या आडून बरी सापडते. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचे, श्वास रोखायला सांगायचा आणि फासळ्यांमधून प्रोब तिरका धरायचा. डावी मात्र जठर आणि आतड्यातल्या गॅसमागे दडते. मोठी गाठ असेल तर दिसते. पण बीपी वाढवणारी आल्डोस्टेरॉनची (शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनची) गाठ बहुधा २ सेंटीमीटरहूनही लहान असते, ती सहज निसटते. डावी ग्रंथी दिसलीच नसेल, तर ‘नॉर्मल’ लिहिणे रुग्णाची दिशाभूल करणारे आहे. त्या एका शब्दावर पुढचा तपास थांबतो.

म्हणून विनंती अशी, की सरकारी रुग्णालयांतल्या पोटाच्या प्रत्येक रिपोर्टात उजवी आणि डावी ॲड्रिनल दिसली की नाही, हे वेगवेगळे लिहिणे बंधनकारक करा. तरुण वयातले बीपी, औषधांना दाद न देणारे बीपी किंवा सोनोग्राफीत दिसलेली गाठ, यांपैकी काहीही असले तर जिल्हा रुग्णालयात सीटी आणि मेटानेफ्रिनची (ॲड्रिनलीनपासून बनणाऱ्या पदार्थांची, रक्तातून वा लघवीतून) तपासणी मोफत व्हावी. ही तपासणी झाल्याखेरीज गाठीत सुई घालू नये, ऑपरेशनही करू नये. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनलीनसारखी हार्मोन सोडणारी गाठ, असेल आणि आधी अल्फा-ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे) दिलेले नसतील, तर टेबलावरच बीपी भडकून जीव जाऊ शकतो.

लहान मुलांचे वेगळे. तिथे पहिली तपासणी सोनोग्राफीच, आणि चित्रही स्वच्छ येते. न्यूरोब्लास्टोमा हा मज्जापेशींचा कर्करोग बहुतेक वेळा ५ वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि पुष्कळदा ॲड्रिनलमध्येच उगवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत मुले तपासतातच. पोटात गोळा हाताला लागला, तर त्या मुलाची सोनोग्राफी त्याच दिवशी व्हावी, असा आदेश काढा. नंबर लावून आई-बापांना महिनाभर ताटकळत ठेवू नका.

आपला नम्र,
तालुक्यातला एक सोनोलॉजिस्ट