एक वेळचं जेवण सोडून घेतलेली पावडर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी पेठेत मी गेली एकोणीस वर्षं मेस चालवते. ऐंशीच्या आसपास मुलंमुली जेवायला असतात. बहुतेक स्पर्धा परीक्षेची, अभ्यासिकेतून उठून थेट ताटावर येणारी. त्यांतली वीस-बावीस पोलीस भरतीची. ही पहाटे साडेचारला उठून ग्राउंडला जातात, संध्याकाळी जिमला जातात आणि त्यांची भूक वेगळी असते, हे पोळ्यांच्या डब्यावरून मला कळतं. या मुलांच्या खाण्याबद्दल मला कळकळीनं काही सांगायचं आहे, म्हणून हे पत्र.

दोन महिन्यांपूर्वी, पैसे भरायच्या दिवशी, त्यांतला एक जण गल्ल्यापाशी घुटमळला. मराठवाड्यातला, घरी कोरडवाहू शेती. म्हणाला, "मावशी, या महिन्यापासून एकच टाइम लावा. दुपारचं. रात्रीचं बंद करा." मला वाटलं, घरून पैसे आले नसतील. "अडचण असेल तर मागाहून दे, पण जेवण सोडू नको," म्हटलं. तर म्हणाला, "तसं नाही मावशी. प्रोटीन चालू केलंय. रात्री एक स्कूप घेतला की भागतं म्हणाले जिमचे सर." पावडरचा डबा अठ्ठावीसशेचा, आणि स्कूप म्हणजे त्यातलं एक माप. माझ्याकडे दोन वेळचे तेहतीसशे आणि एक वेळचे अठराशे होतात. म्हणजे पंधराशे वाचवून त्यानं अठ्ठावीसशे घातले होते.

बारा-तेरा दिवसांनी तो सकाळी तळजाईवरून पळून आला आणि आमच्या जिन्यातच मटकन खाली बसला. ओठ पांढरे, हाताला घाम. दाण्याचा लाडू आणि लिंबूपाणी दिलं, जरा वेळानं सावरला. आदल्या दिवशी दुपारनंतर पोटात एका स्कूपशिवाय काही नव्हतं. तशा पोटी तो टेकडी चढून आला होता.

त्या रात्री मी माझी जुनी वही आणि वजनकाटा काढला. मेसवालीकडे ग्रॅमचा काटा कशाला, असं कुणालाही वाटेल. आमच्या ह्यांना वीस वर्षं मधुमेह होता, पुढे मूत्रपिंडं निकामी होत गेली. डायलिसिस सुरू होण्याआधीची चार वर्षं प्रथिनं मोजून द्यायची होती. आहारतज्ज्ञ बाईंनी मला डाळ, दूध, पीठ, सगळ्याचे ग्रॅम समोर बसवून शिकवले. तेव्हा मी डाळ कमी करण्यासाठी तोलायची. एवढी वर्षं तोलूनही आपल्या मेसच्या ताटात किती पडतं, हे एकदाही मोजलं नव्हतं.

त्या रात्री मोजलं. चार पोळ्यांना १२० ग्रॅम कणीक, त्यात प्रथिनं १२-१३ ग्रॅम. भाताला ५० ग्रॅम तांदूळ, त्यात ४. आमटीला माझ्या ताटामागे तूरडाळ पडत होती जेमतेम १५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं ३ ग्रॅमच्या थोडी वर. कोबी-बटाट्याची भाजी धरून २. एका ताटाचे झाले २२ ग्रॅम. दोन वेळचे ४४, सकाळचे पोहे आणि चहा मिळून ५. दिवसाचे ४९.

आता त्या मुलाचा हिशोब. रात्रीचं ताट गेलं, उरले २७. स्कूपमधून मिळाले २४. एकूण ५१. म्हणजे अठ्ठावीसशे रुपये खर्चून तो होता तिथेच राहिला. वर रात्रीच्या ताटातल्या सात-आठशे कॅलरी गेल्या आणि स्कूपमधून आल्या जेमतेम सव्वाशे. पोटात पुरेसं अन्न नसलं की शरीर ही प्रथिनंसुद्धा सरपणासारखी जाळतं, स्नायूंना त्यातलं फार थोडं पोचतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? त्याच्या सरांनी त्याला "रात्री जेवतोस काय?" हेही विचारलं नव्हतं.

त्याचं वजन ६२ किलो. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिनं लागतात, म्हणजे त्याला ५१-५२. रोज कसून व्यायाम करणाऱ्यासाठी क्रीडापोषणातले जाणकार १.४ ते २ ग्रॅम सांगतात. खालचा आकडा धरला तरी ८७ होतात. भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते आणि मुलांना त्यात १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. त्या तयारीला माझं ताट कमी पडत होतं, आणि हे मला मान्य केलंच पाहिजे. मुलं डब्याच्या मागे लागली यात मेसवाल्यांचाही वाटा आहे. पोटभर जेवण म्हणून आम्ही पोळी आणि भात वाढत राहिलो. तीन-चार वाटे धान्याला एक वाटा डाळ हे चांगलं प्रमाण. माझ्या ताटात धान्य १७० ग्रॅम आणि डाळ १५, म्हणजे अकराला एक. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यांतलं लायसिन धान्यात कमी, मेथिओनिन डाळीत कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की एकीचं उणं दुसरी भरून काढते. वरणभात आपल्याकडे त्याचमुळे टिकला असावा. पण वरणाच्या जागी हळदीचं पाणी वाढलं तर त्याचा काय उपयोग?

तेव्हापासून तीन गोष्टी बदलल्या. आमटीची डाळ दुप्पट केली. आधी पळी घातली की पातेल्याचा तळ दिसायचा, आता आमटी पळीला धरून राहते. दुसरं, रोज एका वेळेला उसळ. सव्वातीन किलो मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री निथळून धुतलेल्या पंचात घट्ट बांधून टांगायची, की दुसऱ्या रात्रीपर्यंत बोटभर मोड. मोड आणल्यानं डाळीतलं फायटेट, म्हणजे लोह अडवून धरणारा घटक, कमी होतं आणि लोह अंगी लागायला मदत होते, हे मला त्या आहारतज्ज्ञ बाईंनीच सांगितलं होतं. ताटामागे ४० ग्रॅम मटकी, म्हणजे ८ ग्रॅम प्रथिनं. तिसरं, आठवड्यातून दोनदा भाजीच्या जागी सोयाबीनच्या वड्या. सुक्या वड्यांत निम्म्याहून थोडी जास्तच प्रथिनं असतात, २५ ग्रॅम वड्यांत १३. मुलं आधी नाकं मुरडत होती, रबर आहे म्हणत होती. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या, पाणी फेकायचं, गार पाण्यात घालून दोनदा घट्ट पिळायच्या, तेव्हा तो उग्र वास जातो. मग कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण आणि काळा मसाला. आता त्या दिवशी पातेलं पुसून जातं.

या सगळ्याला महिन्याचे दीडशे रुपये वाढवले. एकानंही कुरकुर केली नाही.

उरलेलं मुलांनी स्वतः करायचं, आणि ते खोलीवर गॅस नसला तरी होतं. दोन अंडी, १२ ग्रॅम. अंडाभुर्जीच्या गाडीवर उकडलेली मिळतात. मूठभर फुटाणे आणि त्याच्या निम्मे शेंगदाणे, मिळून ११. पाव लिटर दूध, ८. माझ्या हिशोबानं दिवसाला चाळीस रुपये. अंडी न खाणाऱ्यांनी फुटाणे वाढवावेत आणि दुधाबरोबर दही घ्यावं. त्या मुलाला मी कागदावर मांडून दाखवलं. एक वेळची मेस आणि डबा मिळून त्याचे जात होते सेहेचाळीसशे, मिळत होते ५१ ग्रॅम. दोन वेळची मेस साडेचौतीसशे, वर खोलीवरचे बाराशे, मिळून शेहेचाळीसशे पन्नास. मिळतात ९४ ग्रॅम. तो कागद बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

मी पावडरच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते. आमच्या पिढीतले लोक तिला औषध किंवा विष समजतात, दोन्ही खरं नाही. दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे असतं. चीज करताना जे पाणी उरतं, त्यातून गाळून, वाळवून ही पावडर होते. दुधाचाच भाग आहे. (काही जणी मला सांगतात, घरच्या चक्क्याचं पाणी प्या, तेच व्हे. त्या पाण्यात प्रथिनं फारच थोडी असतात. पेलाभर पिऊन स्कूपची बरोबरी होणार नाही. त्यात कणीक मळावी, पोळ्या मऊ होतात.) हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं म्हटलं आहे. माझं मत थोडं सैल आहे. दोन्ही वेळा नीट जेवून, अंडी-दूध-डाळ खाऊनही ज्याला कमी पडतं, किंवा ज्याला कामामुळे खायला वेळच मिळत नाही, त्यानं एक स्कूप घ्यायला माझी हरकत नाही. पण ताट काढून त्या जागी डबा ठेवू नये.

आणि घेण्याआधी रक्त तपासावं. निरोगी मूत्रपिंडाला जास्त प्रथिनांनी इजा होते असं दिसलेलं नाही, हे खरं. पण आपलं मूत्रपिंड निरोगी आहे हे कुणाला ठाऊक असतं? ह्यांना पायावर सूज येईपर्यंत काही जाणवलं नव्हतं, आणि तोवर बरंच काही हातचं गेलं होतं. क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करतं का ते सांगणारी, रक्ततपासणी काही शे रुपयांत होते. ज्यांच्या घरात मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी तरी ती चुकवू नये. क्रिएटिन नावाची जिममधली दुसरी पावडर घेणाऱ्या मुलांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण त्यानं रिपोर्टमधला आकडा थोडा वर दिसू शकतो.

आणखी एक. आमच्याकडच्या दुसऱ्या मुलानं ओळखीच्या माणसाकडून निम्म्या किमतीत डबा घेतला. झाकणाखालचं सील अर्धवट उचकटलेलं, बॅच नंबर बोटानं पुसला जाईल असा, बिल नाही. चार दिवस जुलाब झाले, तरी पैसे वाया जातील म्हणून तो घेतच होता. मी तो डबा त्याच्यासमोर फेकायला लावला. अन्नसुरक्षा खात्याचा (एफएसएसएआय) परवाना क्रमांक चौदा आकडी असतो, तो डब्यावर शोधावा, बॅच आणि तारीख नीट छापलेली पाहावी, बिल घ्यावं. अन्न व औषध प्रशासनाला माझी विनंती आहे की जिथे भरतीची मुलं राहतात त्या पेठांतून अशा डब्यांचे नमुने अधूनमधून घ्यावेत.

जिम चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ही मुलं तुमचा शब्द आईबापांच्या शब्दापेक्षा जास्त मानतात. डबा सांगण्याआधी दोन प्रश्न विचारा: दिवसभरात काय खाल्लंस, आणि घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का.

आणि संपादक महोदय, आपल्या आरोग्याच्या पानावर प्रथिनांची माहिती येते तेव्हा बदाम आणि ग्रीक योगर्टऐवजी मटकी, फुटाणे, पिठलं आणि ताक यांचे ग्रॅम छापा. आमच्या मुलांच्या खिशाला ते परवडतं.

तो मुलगा आता दोन्ही वेळा जेवतो. उरलेली पावडरही संपवतो आहे, सकाळी पळून आल्यावर दुधातून, आणि मी त्याला अडवत नाही.

माझी वही मी नीट उतरवून काढली आहे. ऐंशी ताटांना कशाचं किती लागतं, प्रथिनं किती आणि खर्च किती, सगळं त्यात आहे. कुणा मेसवाल्यांना ती लिहून घ्यायची असेल तर खुशाल यावं. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. दुपारी तीन ते पाच मी मोकळी असते. फक्त शुक्रवारी नको, त्या दिवशी मी मार्केट यार्डात असते.

आपली,
एक मेसचालक,
नवी पेठ, पुणे