टॉवर महाडचा, माणूस घाटमाथ्यावर

महोदय,

गेल्या आषाढात भोरहून खाली महाडला उतरणाऱ्या वरंधा घाटात एक दुचाकीस्वार कठड्यापलीकडे घसरला आणि खालच्या झाडीत अडकला. पाय मोडला होता, पण शुद्धीवर होता. त्याने मदतीसाठी फोन लावला. ‘घाटात पडलोय’ एवढं बोलला आणि आवाज तुटला. पलीकडे त्याच्या फोनची जागा म्हणून दिसला तो खाली महाड तालुक्यातला टॉवर. साहजिकच शोध खालच्या गावांतून सुरू झाला. आम्ही भोरच्या बचाव पथकाची पोरं दोर घेऊन वर पोचलो, तोवर साडेतीन तास उलटले होते. माणूस वाचला, पण एवढा वेळ तो पावसात एकटा पडून होता.

मी 29 वर्षं टेलिफोनच्या कामात काढली, म्हणून हे कसं घडलं ते सांगू शकतो. घाटमाथ्यावर भोरकडचे टॉवर डोंगराआड जातात आणि कोकणातला दूरचा टॉवर सरळ नजरेत येतो. फोन तोच पकडतो. शहरात तीन-चार टॉवरांवरून अंतरं काढून जागा ठरवता येते; घाटात एकच टॉवर ऐकू येतो. तरीही त्या एकाकडून बरंच कळतं. फोनचा संदेश पोचायला किती वेळ लागतो हे टॉवर मोजतच असतो, आणि त्यावरून फोन किती लांब आहे ते निघतं. टूजीमध्ये हे माप साधारण 550 मीटरच्या टप्प्यांनी मिळतं, फोरजीमध्ये 78 मीटरच्या. कड्यावर आपटून आलेल्या सिग्नलचं अंतर जास्त भरतं, म्हणून ‘फोन याच्या फार पलीकडे नाही’ असा त्याचा अर्थ घ्यायचा. शिवाय टॉवरच्या कोणत्या बाजूच्या अँटेनाने फोन धरला हेही नोंदलेलं असतं. दोन्ही मिळून नकाशावर एक पट्टा निघतो. घाटातली वळणं आम्हाला पाठ आहेत. पट्टा हाती आला असता तर आम्ही थेट त्या वळणावर गेलो असतो. शोधपथकाला नुसता टॉवरचा पत्ता न देता हे अंतर आणि दिशाही द्यावी.

खरा उपाय तर आपल्या खिशातच आहे. आपत्कालीन नंबर फिरवताच फोनने स्वतः जीपीएस चालू करून आपली जागा कळवायची, ही सोय ब्रिटनमध्ये 2014 पासून वाढत गेली. ती माहिती एसएमएसनेही जाते, म्हणजे इंटरनेट नसलं तरी अडत नाही. युरोपीय संघात मार्च 2022 पासून नव्या स्मार्टफोनमध्ये ही सोय सक्तीची आहे. आपल्याकडे उत्तर प्रदेशाने 112 या आपत्कालीन नंबराला ती जोडली आहे. सह्याद्रीच्या घाटांत दर पावसाळ्यात माणसं अडकतात, दरडी कोसळतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आपत्कालीन फोनसोबत अशी जागा पोचते का, आणि ती घाटातल्या पथकांना तिथल्या तिथे कळवली जाते का, हे शासनाने जाहीर करावं.

आमच्या पथकाचे नंबर तहसील कचेरीत दिलेले आहेत. रात्री-अपरात्री कधीही फोन करा, आम्ही निघतो. फक्त कुठे जायचं ते नीट सांगा.

– एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ, भोर (जि. पुणे)