सिटेनचा आकडाही दिसू द्या

महोदय,

परभणीत जानेवारीच्या पहाटे माझी जुनी डिझेल गाडी दोन-तीनदा स्टार्टर मारल्याशिवाय ऐकत नाही. मग पांढरा धूर आणि खडखडाट. मिस्त्री म्हणाला, 'ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारा प्लग) बघू, पण डिझेलही बघा.'

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. ते किती चटकन पेटते, हे सिटेन क्रमांक सांगतो. क्रमांक कमी असला की पेटायला उशीर होतो, तोवर साचलेले डिझेल एकदम भडकते आणि इंजिन ठोकते. पेट्रोलच्या ऑक्टेन क्रमांकाचे नेमके उलटे; तो जितका जास्त, तितके पेट्रोल आपोआप पेटायला नाखूश! १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण-मानकाच्या) डिझेलला किमान ५१ सिटेन लागतो. तेवढा खरोखर मिळाला, तर रोजच्या गाडीला महागडे 'प्रीमियम' घ्यायची गरज नाही, असे माझे मत.

अडचण एवढीच, की पंपावर घनता लिहिलेली असते आणि मागितल्यास तपासूनही देतात. सिटेनचा आकडा मात्र आमच्याकडे मला कुठे दिसला नाही. तो मोजायला प्रयोगशाळा लागते, हे मान्य. पण टँकरसोबत येणाऱ्या मालाचा तपासणी-आकडा फळ्यावर लिहायला खडूच तर लागतो.

— एक वाचक, परभणी