खड्डा कळवायचा कोणाला, हे आधी ठरवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या जुलैत शाहूपुरीत आमच्या कॉलनीच्या वळणावर माझ्या यजमानांची स्कूटर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेली. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. मी तीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. पावसाळा लागला की अस्थिरोग विभागात कोणत्या जखमा येतात ते मला पाठ आहे: मनगट, खांदा, गळपट्टीचं हाड आणि मागे बसलेल्या बायकांच्या डोक्याला मार. त्या रांगेत आता आमच्या घरचं माणूस बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन खड्डा मोजला. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, वीतभर खोल. फोटो काढले, अर्ज लिहिला. पहिल्या कार्यालयात उत्तर मिळालं, ‘हा रस्ता आमच्याकडे येत नाही.’ दुसरीकडे सांगितलं, ‘पूर्वी आमच्याकडे होता, हद्दवाढीत गेला.’ सातारची हद्दवाढ २०२० साली झाली, त्याला पाच वर्षं उलटली होती. तिसऱ्या ठिकाणी अर्ज घेतला, माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून दिला आणि पुढे काही कळवलं नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी पाच-सहा पाट्या मुरूम टाकून गेलं. दोन पावसांत तो गटारात गेला. आता खड्ड्याच्या कडा आणखी फुटल्या आहेत.

त्याच्या आदल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मी कॅनडात एडमंटनला होते, जानेवारी ते मे. उणे पंचवीस-तीसची थंडी. तिकडचे रस्ते आपल्यापेक्षा चांगले आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही; मार्च-एप्रिलमध्ये तिथे खड्डेच खड्डे होते. दिवसा ऊन पडलं की बर्फ वितळतं, ते पाणी डांबराच्या भेगांत उतरतं आणि रात्री पुन्हा गोठतं. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, त्यामुळे रस्ता आतून उचलला जातो. सकाळी बर्फ वितळलं की खाली पोकळी राहते, वरून गाडी गेली की तुकडा निघतो. असं रोज, कित्येक आठवडे.

मला नवल वाटलं ते तक्रारीच्या पद्धतीचं. जावयांनी घराजवळच्या खड्ड्याची नोंद ३११ या नंबरच्या ॲपवर केली. शहराच्या कोणत्याही कामासाठी हाच एक तीन आकडी नंबर. नकाशावर जागा दाखवली, फोटो टाकला, लगेच तक्रारीचा क्रमांक आला. रस्ता कोणत्या खात्याचा, हे त्यांना कोणी विचारलं नाही. ते शोधणं तक्रार घेणाऱ्याचं काम. नऊ दिवसांनी माणसं आली. कडाक्याच्या थंडीत गरम डांबर मिळत नाही, म्हणून त्यांनी खड्डा झाडून, पाणी काढून त्यात थंड मिश्रण भरलं आणि ठोकून बसवलं. हे उन्हाळ्यापर्यंत टिकवायचं, मग गरम डांबर, असं जावई म्हणाले. मी निघण्याआधी, मे महिन्यात, तोच खड्डा पुन्हा उकरून पक्का केलेला मी पाहिला.

आपल्याकडे पाणी गोठत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं, तेवढंच. पण भेगेतून पाणी शिरतं ते इथेही. चाकाच्या दाबाने ते आतल्या आत पिळलं जातं, डांबर खडीला सोडतं आणि खडी मोकळी होते. आणि पाणी रस्त्यावर का साचतं? बाजूचं गटार मातीने भरलेलं असतं आणि साइडपट्टी रस्त्यापेक्षा वर आलेली असते म्हणून. माझे वडील मेढ्याच्या रस्त्यावर मैलकुली होते. मृग लागायच्या आधी चर आणि मोऱ्या उपसून ठेवायच्या, आणि जावळीतल्या धो धो पावसात इरलं घेऊन, खोऱ्याने पाण्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांच्या हद्दीत खड्डा पडला तर कोणाला विचारायचं हे गावातल्या पोरालाही माहीत होतं. तशी माणसं आज रस्त्यावर दिसत नाहीत, आणि त्यांच्या जागी कोण आहे हे आम्हाला कोणी सांगत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. खड्डा निदर्शनास आल्यापासून ४८ तासांत बुजवावा, असंही त्यात आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं. पण माझ्यासारखीचा अर्ज तीन दारं फिरतो, तेव्हा ते ४८ तास कोणत्या दारापासून मोजायचे?

म्हणून माझी मागणी एवढीच की, साताऱ्यात खड्ड्याची तक्रार ज्या कार्यालयात येईल तिथेच ती नोंदवून घ्यावी, तारीख आणि वेळ घालून क्रमांक द्यावा, आणि रस्ता दुसऱ्या खात्याचा असेल तर ती त्या कार्यालयानेच पुढे पाठवावी. रस्ता नवा असेल तर त्याचा दोषदायित्व कालावधी कधीपर्यंत आहे, म्हणजे ठेकेदाराने तो स्वखर्चाने कधीपर्यंत दुरुस्त करायचा, हे तिथल्या फलकावर ठळक लिहावं. आणि मुरूम टाकून वेळ मारून नेणं बंद व्हावं. खड्डा चौकोनी कापून, कोरडा करून, डांबराचा हात देऊन भरला आणि रोलर फिरवला तर तो टिकतो. कोरडे दिवस सुरू आहेत तोवरच हे होण्यासारखं आहे.

आमच्या वळणावरून रोज शाळेच्या सात-आठ रिक्षा जातात. येत्या मृगाआधी तिथलं गटार उपसलं जावं आणि खड्डा भरला जावा. अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि फोटो माझ्याकडे जपून ठेवले आहेत. कोणत्याही कार्यालयाने मागितले तर त्याच दिवशी आणून देईन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
शाहूपुरी, सातारा